एका ढकलण्याचं इंग्रजी

कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागली की नानांचा टाइपरायटर घरी येत असे. एरवी वर्षभर तो कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली लोखंडी टेबलावर बसलेला असायचा आणि संध्याकाळी शेजारच्या चहावाल्याच्या पेटीत कुलूपबंद व्हायचा. सुट्टीच्या आदल्या दिवशी त्याला गोधडीत गुंडाळून सायकलरिक्षात घालायचं आणि शुक्रवारी नावाच्या तलावाजवळच्या आमच्या दोन खोल्यांत आणायचं, हा दरवर्षीचा सोहळा होता. आई दारातच त्याच्यावरून पाण्याचा तांब्या ओवाळायची आणि वर म्हणायची, "आला बाई एकदाचा जावई." नाना म्हणजे माझे वडील. गल्लीतले सगळे त्यांना नाना म्हणत, म्हणून मीही नानाच म्हणत असे. वकिलांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, नोटिसा इंग्रजीत टाइप करून देणं हा त्यांचा धंदा. त्यांची इंग्रजी कोर्टातल्या अर्ध्या वकिलांपेक्षा चांगली होती असं ते स्वतः कधीच म्हणाले नाहीत, पण दुसऱ्या कोणी म्हटलं की खोडूनही काढत नसत.

त्या दुपारी मला अजून झोपेत ऐकू येतात. कूलरच्या पाठीला लावलेला वाळा पाणी पिऊन जड व्हायचा, त्यातून येणारी हवा थोडी गार आणि बरीच सुगंधी असायची, आणि त्या घरघरीत टाइपरायटरची टकटक मिसळून जायची. ओळ संपली की छोटी घंटी वाजे, मग नाना हाताने कागदाची गाडी मागे सारत, आणि पुन्हा टकटक सुरू. बाहेर रस्ता इतका तापलेला असे की कुत्रीसुद्धा नालीच्या कडेला पडून राहत. आई स्वयंपाकघरात पाटोडीच्या रश्शाला फोडणी द्यायची आणि खसखस-खोबऱ्याचा वास कूलरच्या हवेवर स्वार होऊन खोलीभर फिरायचा. जेवण झालं की मोठ्या गडूत पन्हं, आणि मग जमिनीवर ओल्या फडक्याने पुसलेल्या गार फरशीवर आडवं व्हायचं. सोळा वर्षांची होते मी. त्या फरशीवर पडून मला जितकी स्वप्नं पडली तितकी पुढे आयुष्यभर बिछान्यावर पडली नाहीत.

त्या सुट्टीत नानांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे की-बोर्डकडे न बघता टाइप करणं, आणि दुसरी म्हणजे शब्दांची घराणी. त्यांच्याकडे एक भला मोठा इंग्रजी कोश होता, एका वकिलांनी वकिली सोडताना दिलेला. त्याला पुठ्ठा नव्हता, पहिली काही पानं नव्हती, पण प्रत्येक शब्दाच्या शेवटी तो कुठून आला हे बारीक अक्षरात दिलेलं होतं. नाना म्हणत, माणसाला नाव विचारावं आणि शब्दाला गाव विचारावं. दुपारी पन्हं पिऊन झालं की ते एक शब्द सांगत, मी तो शोधून मोठ्याने वाचत असे, आणि ते डोळे मिटून ऐकत. आता माझी नात मोबाइलवर बोट ठेवते आणि शब्दाची सगळी कुंडली क्षणात समोर येते. मला तिचा हेवा वाटत नाही. पानं उलटताना चुकून भेटलेले शब्द तिला कधी भेटत नाहीत, याची मात्र कीव येते, आणि तसं मी तिला सांगते तेव्हा ती माझी कीव करते.

असाच एका दुपारी 'शव्ह' आला. अर्थ साधा, जोर लावून ढकलणं. पण गाव फार जुनं निघालं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचं रूप 'स्कूफान' असं काहीसं होतं, आणि जर्मन, डच अशा शेजारच्या भाषांतही त्याची भावकी पसरलेली होती. फावड्याला जो 'शव्हल' म्हणतात तो त्याचा सख्खा भाऊ, कारण फावडंही मातीला पुढे ढकलतंच. पत्ते पिसायचा 'शफल' आणि झोंबाझोंबीचा 'स्कफल' हे चुलतभाऊ. मला तर हसूच आलं. कुठे फावडं, कुठे पत्ते आणि कुठे मारामारी, आणि सगळ्यांच्या पोटात एकच ढकलणं. नाना म्हणाले, "आणि पाण्यातली नाव विसरू नको. जुने लोक किनाऱ्यावरून नाव पाण्यात लोटायचे तेव्हा हाच शब्द वापरायचे. आजही नाव सोडताना तोच म्हणतात."

त्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही तलावावर गेलो. पाणी बरंच आटलेलं, कडेला गाळाची रुंद पट्टी. मासे धरणारा एक माणूस आपला डोंगा त्या गाळातून पाण्याकडे लोटत होता. आधी त्याने हाताने जोर लावला, मग खांदा लावला, आणि मग डोंग्याने गाळ सोडला. आकाश अगदी पिकलेल्या पपईसारखं झालेलं. नाना उभे राहिले आणि म्हणाले, "ऐक बेटा. आता सुटला बघ. हा आवाज म्हणजे तो शब्द." खरंच, आधी चिकट, ओढल्यासारखा आवाज होता आणि मग एकदम काहीच नाही, नुसतं पाणी. डोंगा असा अलगद पुढे गेला की मलाच कोणीतरी काठावरून सोडून दिल्यासारखं वाटलं. मी त्या शब्दाच्या प्रेमात पडले. सोळाव्या वर्षी मुली कोणाकोणाच्या प्रेमात पडतात, मी एका क्रियापदाच्या पडले. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या मानाने सरळच गेलं म्हणायचं.

नानांनी मला 'बघ' म्हणायच्या आधी 'ऐक' म्हटलं होतं, कारण डोंगा त्यांना दिसत नव्हता. हे घरात मला आणि आईला माहीत होतं. काचबिंदू. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आधी कडेचं दिसणं जातं, मग मधलं, आणि गेलेलं परत येत नाही. नानांचं कडेचं कधीच गेलं होतं आणि मधलं त्या वर्षी धुरकट होऊन जवळपास संपलं होतं. पण बोटांना की-बोर्ड पाठ होता. पक्षकार तोंडाने सांगे, नाना टाइप करत, आणि कागद तपासायची वेळ आली की "संध्याकाळी घरून घेऊन जा, शांतपणे वाचून ठेवतो" म्हणत. मग मी शाळेतून आल्यावर घरी तो वाचून दाखवत असे. चालताना ते डाव्या हाताची बोटं भिंतीला लागतील इतकंच अंतर ठेवत आणि मुद्दाम भरभर चालत. आई एकदाच बोलली होती, "सांगून टाका ना लोकांना. काहून जीव टांगणीला लावून राहिले?" तेव्हा नाना म्हणाले, "आंधळ्याकडून प्रतिज्ञापत्र कोण टाइप करून घेईल? नलूची मॅट्रिक होऊ दे." त्यानंतर तो विषय आमच्या घरात कोणी काढला नाही.

आता गणपतकाकांची गोष्ट. ते आमच्या भिंतीला भिंत लावून राहत, एका सरकारी कचेरीत शिपाई होते. उंच, हाडापेराने मजबूत, आणि बोलायला इतके साधे की त्यांना खोटं बोलायला सांगितलं असतं तरी जमलं नसतं. त्यांची बायको शांताकाकू सांबारवड्या करायची, म्हणजे कोथिंबीर भरलेल्या लांबट कुरकुरीत वड्या, आणि त्यातल्या चार झाकून आमच्याकडे यायच्या. एका संध्याकाळी मात्र वड्यांच्या ऐवजी काकाच आले आणि दारात उभे राहिले.

"नाना, मले एक जबाब लिहून पाहिजे. इंग्रजीत. उद्या सकाळी द्याचा हाय."

त्यांना बसवलं, पाणी दिलं, तेव्हा सगळं कळलं. कचेरीच्या रेकॉर्डच्या खोलीत फायलींनी लादलेला एक लोखंडी रॅक होता. तो पुढे कलला. त्याच्याखाली बडेबाबू, म्हणजे कचेरीतले हेडक्लार्क, वाकून काहीतरी शोधत होते. काकांनी धावत जाऊन दोन्ही हातांनी त्यांना बाजूला ढकललं. बडेबाबू टेबलावर आदळले, मनगट मोडलं. आणि रॅक पडलाच नाही. तो समोरच्या भिंतीला टेकून तसाच तिरपा उभा राहिला.

"पडला असता तं बरं झालं असतं," काका म्हणाले. "आता ते म्हणून राहिले, मी त्याहिले रजेच्या भांडणावरून ढकललं. तिथं दुसरं कोणीच नव्हतं गा नाना. चौकशी लागली. नोकरी जाते का राहते, सांगता येत नाही."

त्यांच्या निवृत्तीला सात वर्षं उरली होती. नाना लगेच टाइपरायटरकडे वळले, तेव्हा मी मध्ये बोलले. इतके दिवस मी फक्त नानांचं लिहिलेलं वाचत होते. मला स्वतः लिहायचं होतं. "नाना, मी लिहू का? काका मराठीत सांगतील, मी एकटीने इंग्रजी करते."

काका हसले. "लिही वं नलू. तुह्या हातानं लिहिलं तं चांगलंच होईल."

मी लिहिलं. काका एकेक वाक्य सांगत गेले, मी त्याचं इंग्रजी करत गेले. रॅक कसा कलला, ते कुठे उभे होते, काय दिसलं. आणि मग "म्या बडेबाबूले दोन्ही हातानं ढकललं." पुश हा शब्द बोटांवर आलाच होता. पण तो मला फार पोरकट वाटला, दारावर लिहिलेला असतो तसा. तलावावरची ती संध्याकाळ आठवली, डोंग्याला लावलेला खांदा आठवला, आणि मी तिथे शव्ह टाइप केलं. घंटी वाजली. मला इतका आनंद झाला की पुढची ओळ मी चुकून दोनदा मारली आणि कागद बदलावा लागला. नव्या कागदावरही तो शब्द तसाच ठेवला.

खाली एक ओळ असे, की हा मजकूर वाचून पाहून जबाब देणाऱ्याला समजावून सांगितला आहे. तिथे नाना सही करत. मी वाचायला सुरुवात केली, तर नाना म्हणाले, "तू लिहिलंस ना? मग वाचायचं काय त्यात." त्यांच्या आवाजात जो अभिमान होता तो मला आजही सहन होत नाही. मी त्यांचं बोट ओळीवर ठेवलं, त्यांनी झोकदार सही केली. माझी चूक कोणती आणि त्यांची कोणती, याचा हिशोब मी बरीच वर्षं केला. आता सोडून दिलाय.

तिसऱ्या दिवशी काका पुन्हा आले. चेहरा उतरलेला. चौकशी करणारे साहेब बाहेरून आलेले, हिंदी बोलणारे होते. त्यांनी काकांसमोर कागद धरून विचारलं होतं की तुम्ही स्वतःच लिहून दिलंय ना, धक्का मारला म्हणून? "म्या म्हटलं, मी तं ढकललं साहेब, धक्का नाही मारला. तं ते म्हणाले, कागदावर तसंच हाय, आणि सही हाय. काय लिहिलं होतं नाना?"

नानांनी मला कार्बनची प्रत वाचायला सांगितली. मी वाचत गेले. त्या शब्दापाशी आले तेव्हा माझाच आवाज बारीक झाला.

"पुन्हा वाच," नाना म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. कूलर चालू होता. मग नानांनी मला अगदी हळू सांगितलं की बेटा, त्या शब्दात आता राग असतो. गर्दीत कोणी अंगावर येऊन मुद्दाम लोटतो, त्याला इंग्रज शव्ह म्हणतो. नाव लोटायची गोष्ट तुला सांगितली मी, पण राग सांगायला विसरलो. एवढं बोलून ते काकांकडे वळले. "गणपतराव, उद्या मी येतो साहेबांकडे."

काका गेल्यावर मी म्हणाले, "सांगू की मीच लिहिलं."

"नाही," नाना म्हणाले. "मुलीने लिहिलं म्हटलं की विचारतील, मग खाली तुमची सही कशी? वाचलं नाहीत? काहून वाचलं नाही? त्या प्रश्नाच्या पुढे काय आहे ते तुला माहीत आहे. शब्द माझा आहे असंच सांगायचं. मी त्यांना समजावतो." मग त्यांनी तो जबाब माझ्याकडून चार वेळा वाचून घेतला, आणि चौथ्या वेळी तो त्यांना पाठ झाला होता. आई भिंतीला टेकून ऐकत बसली होती. जेवताना तिने नानांच्या ताटात एक पोळी जास्त वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही कचेरीत पोचलो. मी कोश पोटाशी धरून चालत होते, म्हणजे मी सोबत का आहे हे कोणी विचारू नये. बाहेरच्या बाकावर गणपतकाका आणि दोन-तीन शिपाई बसले होते. आत साहेब एकटेच. मध्यम वयाचे, चष्मा खाली घसरलेला, आवाजात कुठेही कडवटपणा नाही. त्यांनी नानांना खुर्ची दिली. नानांनी ती पायाने अजमावली आणि बसले.

आणि नाना बोलले. अर्धं इंग्रजीत, अर्धं हिंदीत. जुनी इंग्रजी, स्कूफान, फावडं, पत्ते, गाळात रुतलेली नाव आणि तिला लावलेला खांदा. या शब्दात मुळात राग नव्हता साहेब, म्हणाले, अडकलेल्याला सोडवणं होतं. मी त्याच अर्थाने वापरला. त्यांना मी इतकं सुंदर बोलताना कधी ऐकलं नव्हतं. खिडकीवर वाळ्याची ताटी होती, तिच्यावर कोणीतरी बाहेरून पाणी शिंपडत होतं, आणि त्या ओल्या अंधारात नानांचा आवाज असा चालला होता की मी चौकशीच विसरून गेले. साहेबही विसरले असावेत. चष्मा काढून हातात धरून ऐकत होते.

ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "बहुत अच्छा लगा सुनकर," ते म्हणाले. "पर हजार साल पुराना मतलब मैं फाइल में कैसे लगाऊँ? आज इस शब्द में गुस्सा है, आप भी जानते हैं. और आप जैसा जानकार आदमी यह शब्द लिखे, तो सोच-समझकर ही लिखा होगा."

तेव्हा मला लख्ख दिसलं. नाना जितकं चांगलं बोलले होते तितके गणपतकाका जास्त अडकले होते. इतक्या वर्षांच्या माणसाने निवडलेला शब्द खराच मानला जाणार. तो खोटा ठरायचा तर एकाच वाटेने, तो कोणा अर्धवट पोरीने मिरवायला घातलेला असला तर. बाहेर काका बाकावर बसलेले होते आणि इथे माझ्या शेजारी नाना. दोघांपैकी एकालाच वाचवता येत होतं, आणि ते ठरवायला मी सोडून तिथे कोणी नव्हतं.

"साहब," मी म्हणाले, "वो शब्द मैंने डाला. काकाने सिर्फ ढकललं कहा था. मुझे वो शब्द अच्छा लगता था, इसलिए."

"बच्ची है," नाना चटकन म्हणाले, "मुझे बचाने के लिए बोल रही है. शब्द मेरा ही है." त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं नाही.

साहेबांनी दोघांकडे पाहिलं. मग समोरच्या फाइलमधून वरचा कागद काढला आणि नानांच्या पुढे केला. "ठीक है. आप ही पढ़कर सुनाइए. मैं देखता हूँ."

नानांनी हात पुढे केला, कागद घेतला, योग्य अंतरावर धरला आणि वाचायला लागले. एकही अडखळ नाही. रॅक कलला, मी दाराशी होतो, बडेबाबू वाकलेले होते. शब्दन् शब्द बरोबर. आणि मी त्यांच्या हातातला कागद पाहिला. तो आमचा नव्हताच. बडेबाबूंची तक्रार होती ती, शाईने हाताने लिहिलेली. साहेबांनी वरचा कागद न बघताच दिला होता. आता त्यांनाही दिसलं होतं. त्यांनी थांबवलं नाही. ते फक्त नानांच्या डोळ्यांकडे बघत राहिले, आणि खोलीत नानांच्या वाचण्याशिवाय दुसरा आवाज उरला नाही.

ती शांतता नानांना ऐकू आली. त्यांना सगळं ऐकू यायचं. ते वाक्याच्या मध्येच थांबले.

"नलू, हा तो कागद नाही ना?"

"नाही, नाना."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला, त्याच्या कडा बोटांनी सरळ केल्या. "साहब," ते म्हणाले, "मुझे दिखता नहीं है. लड़की सच कह रही है. मैंने पढ़े बिना दस्तखत किए."

साहेबांनी नंतर बरंच काही केलं. काकांना आत बोलावून त्यांच्याच तोंडचा मराठी जबाब नव्याने लिहून घेतला, स्वतः जाऊन रॅकचे गंजलेले पाय बघून आले, आणि पंधरा-वीस दिवसांनी काका कामावर रुजू झाले. शांताकाकूंनी त्या दिवशी सांबारवड्यांचं पातेलंच आणून ठेवलं. बातमी कोर्टात पोचायलाही तेवढाच वेळ लागला. सुट्टी संपली तरी टाइपरायटर कडुलिंबाखाली परत गेला नाही. मी मॅट्रिक झाले, त्याच टाइपरायटरवर दुसऱ्यांचे कागद करून पुढचं शिकले, आणि जन्मभर पोरांना इंग्रजी शिकवलं. नानांनी मला त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. मीही माफी मागितली नाही. मागायला हवी होती, असं आता या वयात वाटतं.

त्या सकाळी आम्ही साहेबांच्या खोलीतून बाहेर आलो तेव्हा ऊन व्हरांड्यापर्यंत आलेलं होतं. बाकावर काका, ते शिपाई, आणि नानांकडून कधीकाळी अर्ज करून घेतलेले दोन ओळखीचे लोक. ते उठून नमस्कार करत होते. नानांची डावी बोटं सवयीने भिंत शोधायला गेली आणि मग त्यांनी हात खाली घेतला. व्हरांड्याच्या कडेला ते उभे राहिले. इतक्या वर्षांत रस्त्यावर, कोर्टात, लोकांदेखत त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं.

"नलू," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "पायऱ्या किती आहेत गं?"

नमस्काराला जोडलेले हात तसेच जोडलेले राहिले.

"चार," मी म्हणाले, आणि त्यांनी माझा खांदा धरला.